कुडाआडचे हात

माणसांच्या चेहऱ्याकडे थेट पाहणे मला लहानपणापासून जमले नाही. समोरचे माणूस बोलू लागले की माझी नजर त्याच्या हातांवर जाऊन बसे आणि ते उठून जाईपर्यंत तिथेच राही. त्यामुळे किहीमच्या आमच्या घरातली माणसे मला आजही हातांनी आठवतात. अण्णांचे, म्हणजे माझ्या वडिलांचे, हात खडूने पांढुरके. ते अलिबागच्या शाळेत गणित शिकवत आणि घरी आल्यावरही खिशात खडूचा तुकडा चाचपत. आईची बोटे नारळ खवून खवून टोकांशी सुरकुतलेली. आणि जानीचे तळवे ओल्या सुपाऱ्या सोलून काळे पडलेले. जानी ही मागच्या डोंगरातल्या माचीवाडीची ठाकरीण. नवरा वारल्यापासून ती आमच्या वाडीत कामाला होती. आठवडाभर गोठ्याशेजारच्या खोपीत राही आणि बाजाराच्या दिवशी डोंगर चढून वस्तीतल्या लेकीला भेटून येई. ती माझ्याहून वीसबावीस वर्षांनी तरी मोठी असेल, पण आम्ही सगळे तिला 'अगं जानी' म्हणत होतो. हे लिहिताना आज हात थबकतो. तेव्हा जीभ थबकली नाही.

आमच्या घरात दिवस उजाडे तो रहाटाच्या आवाजाने. रेडा गोल फिरू लागला की लाकडी चाक कण्हल्यासारखे करी, मग पोहऱ्यांचे पाणी पन्हळीत सांडे आणि पाटांतून पोफळींच्या मुळांशी जाई. त्या आवाजामागे समुद्राची गाज सदैव असे, पण ती इतकी सवयीची होती की ती ऐकू येते आहे हे पाहुण्यांनी सांगितल्यावरच आम्हाला कळे. सकाळी मऊभात आणि मेतकूट, दुपारी वालाचे बिरडे, आमसुलाचे सार, तांदळाची भाकरी. जानी आपली भाकरी मागच्या पायरीवर बसून खाई, सोबत पांढरा कांदा हाताने फोडून. ओटीवर बसले की माडांच्या शेंड्यांवरून तो डोंगर दिसे. त्याच्या खांद्यावर वाऱ्यात उघडी पडलेली सपाटी ती माची. तिच्या पलीकडे, आम्हाला न दिसणाऱ्या बाजूला, कड्याखाली रानाने भरलेला खळगा, त्याला खोंडा म्हणत. दोन्हीकडे ठाकरांचीच वस्ती. आडनावे तीच, गाणी तीच, देव तोच. मधला कडा उतरायला तास-दीड तास लागे, आणि पावसाळ्याचे चार महिने ओढा वाट अडवून धरी.

माझे इंटर सायन्स झाले होते. पुढे शिकायला मुंबईला ठेवायचे की स्थळे पाहायची यावर घरात एकमत होत नव्हते, आणि मला काय हवे हे विचारले तर मी पायाच्या अंगठ्याकडे पाही. त्याच हिवाळ्यात अण्णांचे कॉलेजातले एक स्नेही आमच्याकडे येऊन राहिले. ते मुंबईत रक्तावर काम करणारे डॉक्टर होते. डोंगरांतल्या लोकांची रक्ते दरीगणिक वेगळी का होतात, हा त्यांचा ध्यास. ओटीवर सूक्ष्मदर्शक मांडून, आरशाने ऊन पकडून ते तासन्‌तास डोळा लावून बसत आणि जेवायला बोलावले की ऊन जाईल म्हणून कुरकुरत.

एका संध्याकाळी त्यांनी आम्हाला सगळे समजावून सांगितले. काही माणसांच्या रक्तातल्या गोल पेशी विशिष्ट औषध घातले की विळ्यासारख्या वाकतात. आईबाप दोघांकडूनही हा दोष आला तर मूल सुकत जाते, सांधे सुजतात, बहुधा ते जगत नाही. एकाकडूनच आला तर मात्र माणूस धडधाकट राहतो. उलट हिवतापात तो इतरांपेक्षा अधिक तग धरतो. "म्हणून जिथे साचलेले पाणी, दाट रान, डास, तिथे हा दोष पिढ्यान्‌पिढ्या टिकून राहतो. वाऱ्याच्या माचीवर तापच नाही, तर त्याची गरजही नाही. आणि मध्ये कडा उभा असला, सोयरीक होत नसली, की दोन्हीकडची रक्ते आपापल्या वाटेने जातात. भूगोल रक्तात उतरतो, मास्तर!"

"म्हणजे आम्हा किनाऱ्यावरल्यांचं रक्त खारं निघणार," अण्णा म्हणाले.

"बोट पुढे करा, सांगतो."

अण्णांनी बोट दिले. आईने दोन्ही हात पदराखाली घेतले. "माझं रक्त कुणी बघायचं नाही. माझं मला पुरेसं ठाऊक आहे." आम्ही हसलो. परक्याच्या हाती आपले रक्त न देण्याचा तो हट्ट मला तेव्हा गमतीचा वाटला.

डॉक्टरांना बायकांशी बोलायला एक बाई हवी होती. अण्णांनी माझे नाव सुचवले आणि आईने भांडे आपटले. "लग्नाची मुलगी डोंगरात सुया टोचत फिरणार! सांगून आलेल्यांना काय सांगू, आमची कन्या रक्त काढते म्हणून?" पण जानी सोबत असेल या बोलीवर तिने सोडले. मी टोचायला, काच करायला, वहीत नोंद करायला शिकले. प्रत्येकाचा एक थेंब काचेवर औषधात, वरून पातळ झाकण आणि कडेने मेण; दुसरा थेंब मिठाच्या पाण्याच्या नळीत, रक्तगटासाठी. हात थरथरत नाही म्हणून डॉक्टरांनी माझे कौतुक केले. हातांशी माझे नाते जुनेच होते.

आम्ही आधी खोंड्यात गेलो. तिथे डासांचे फवारणीवाले, हिवतापावर कोयनेल वाटणारे येऊन गेलेले असल्यामुळे सरकारी दिसणाऱ्या माणसाची लोकांना सवय होती. ती माणसे पिवळट, सावकाश बोलणारी. अंगणात रांगेने बसून त्यांनी बोटे दिली. त्यांत बुधा नावाचा एक उमदा तरुण होता. त्याने स्वतःहून सगळ्यांना गोळा केले, आणि मला विचारले, "ताय, माचीलाबी जाणार काय? मंग जानीमावशीच्या आंबीला सांग, बुधानं पयला नंबर लावला." जानीने त्याच्याकडे पाहिलेसुद्धा नाही. वाट चढताना मात्र ती आपणहून म्हणाली, "खोंड्यात माचीची पोर देत न्हाईत, ताय. खोंड्याची ओल हाडात शिरते. आमची जुनी मानसं सांगत आली." डॉक्टरांनी मागे वळून माझ्याकडे पाहिले. ओल! आपल्या सिद्धान्ताला लोकांच्या तोंडचा शब्द मिळाला म्हणून ते मनापासून खूश झाले होते.

माचीवर वेगळेच झाले. पुरुष सगळे कोळशाच्या भट्ट्यांवर गेलेले. चार म्हातारे आणि बायका तेवढ्या होत्या. लग्न झालेल्या बायका कुजबुजत का होईना पुढे आल्या. मग जानीला कुणीतरी बाजूला बोलावले आणि ती परत येऊन म्हणाली, की बिनलग्नाच्या पोरी परक्या पुरुषासमोर बसणार नाहीत. त्या घरात बसतील आणि कुडातून हात बाहेर काढतील. जानीला तिथल्या बायकांनी पाणी आणायला लावून दिले. डॉक्टर शिष्टाचाराने वळून दूर दगडावर जाऊन बसले. मी कारवीच्या कुडासमोर मांडी घालून बसले. आतून गावची सुईण, आवडी म्हातारी, एकेक नाव सांगे, "ही कमळी… ही सोमी…" आणि शेणाने लिंपलेल्या कुडाच्या फटीतून एक हात बाहेर येई.

मला बरे वाटले होते, हे कबूल केले पाहिजे. चेहरे नव्हते. फक्त हात होते.

तिसऱ्या की चौथ्या वेळी माझ्या लक्षात आले, की या हाताच्या करंगळीचे नख मधोमध दुभंगलेले आहे. आणि आधीच्या हाताचेही होते. बोटाची कातडीही जाड होती, सुई जोर लावून घालावी लागत होती. डोंगरातल्या पोरी, काम करून हात असे होत असतील, असे मी मनाशी म्हटले. मग उजवे हात येऊ लागले. प्रत्येक वेळी सुई वेगळ्या बोटात गेली; आधी टोचलेली बोटे आतल्या बाजूला मुडपलेली असत. मी कुडाच्या फटीशी डोळा नेऊन आत पाहू शकले असते. 'जरा बाहेर या' एवढे तीन शब्द म्हणू शकले असते. इतक्या अनोळखी बायकांपुढे त्यांच्यावर संशय घेण्याचे धैर्य माझ्याकडे नव्हते. नववे नाव आंबीचे होते. मी वहीत लिहिले, आंबी, जानीची मुलगी. दहावा हात आत गेला आणि डॉक्टरांनी लांबून विचारले, "नीट झालं का सगळं?"

"हो," मी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी ओटीवर ऊन चांगले होते. खोंड्यातल्या काचांमध्ये विळे भराभर सापडत गेले. बुधाच्याही काचेवर होते, म्हणजे तो एका बाजूने दोष घेऊन जन्मला होता. माचीच्या काचांमध्ये एकही नाही. आणि त्या दहा मुलींचा रक्तगटही एकच निघाला. डॉक्टर उठून येरझारा घालू लागले. "बघितलंत, मास्तर? एका कड्याने माणसं किती कोंडली जातात! दहाच्या दहा, एकच गट!" अण्णांनी त्या दिवशी डॉक्टरांसाठी शहाळी उतरवली. निघताना डॉक्टरांनी वहीची एक प्रत माझ्याजवळ ठेवली आणि बजावले, "वहीतलं वहीत राहू दे. हे वस्तीबद्दल आहे, एकेकट्या माणसाबद्दल नाही."

त्यानंतर दीड-दोन महिन्यांनी जानी सुपाऱ्या सोलता सोलता थांबली. आंबीने हट्ट धरला होता: करीन तर बुधालाच. वस्तीतले म्हातारे नाही म्हणत होते. जानीचा जीव लेकीत होता आणि भीती त्या ओलीची होती. तिने हात लुगड्याला पुसले. "ताय, तू रगत बघितलंस ना? तुझ्या वहीत हाय ना समदं? मंग सांग. देऊ का पोर?"

आयुष्यात मला असा प्रश्न कुणी विचारला नव्हता. स्थळे माझ्यासाठी पाहिली जात होती, पण ओटीवरच्या बैठकीत मला कुणी मत विचारत नव्हते. मी आतून वही आणली. ज्या आवाजात अण्णा प्रमेय सांगत, त्या आवाजात मी तिला सांगितले, की दोष दोन्हीकडून आला तरच मुलाला बाधतो. बुधाच्या रक्तात तो आहे, आंबीच्या नाही. ओल वगैरे काही नसते. "खुशाल दे," मी म्हणाले. जानीने वहीच्या उघड्या पानाला, जिथे मी आंबीचे नाव लिहिले होते तिथे, बोट लावून ते कपाळाला लावले. कुडाआडच्या त्या हाताची आठवण मला झाली नाही असे नाही. झाली. पण तोवर डॉक्टरांनी त्या हातांवरून सिद्धान्त मांडला होता, आणि त्यांच्याहून मी मोठी नव्हते.

वैशाखात लग्न झाले. वस्तीतले म्हातारे जेवायला आले नाहीत, म्हणून जानी थोडी रडली आणि मग माझ्याकडे बघून हसली. पुढच्या चैत्रात आंबीला मुलगी झाली. तिचे नाव चैती. पहिले काही महिने ती पोर इतकी टवटवीत होती की जानी तिला आणून मुद्दाम आईच्या मांडीवर ठेवी. "बघा वैनी, कुठं हाय ओल?" आई तिच्या मुठीत खोबऱ्याचा तुकडा देई आणि म्हणे, "अगं, नजर लागेल, बोलू नकोस."

थंडी सरता सरता चैतीचे दोन्ही तळहात आणि तळपाय सुजले. जानी तिला पाठीशी बांधून डोंगर उतरली, सोबत आंबी. पोर रडत नव्हती, बारीक कण्हत होती, रहाटासारखी. मी ती बोटे पाहिली. फुगून गुळगुळीत झालेली, एकमेकांना न टेकणारी. डॉक्टरांच्या पुस्तकातले एक चित्र मी पाहिले होते. मी आंबीला म्हटले, "तुझा हात बघू." तिने हात पुढे केला. तरुण, सडपातळ हात. करंगळीचे नख अखंड, शंखाच्या तुकड्यासारखे.

"तू तेव्हा कुडाआड होतीस ना?"

"व्हते की. पर रगत आवडीआयनं दिलं."

डॉक्टर तार मिळताच आले. त्यांनी चैतीचा आणि आंबीचा थेंब घेतला आणि दोन्ही काचा माझ्यापुढे सरकवल्या. मी डोळा लावला. चैतीच्या काचेवर विळेच विळे होते. आंबीच्याही काचेवर पेशी वाकत होत्या. "वहीत ती निर्दोष आहे," डॉक्टर म्हणाले. "तुम्ही तिचा चेहरा पाहिला होता?" मी नकारार्थी मान हलवली. ते रागावले नाहीत. त्यांनी चष्मा काढून बराच वेळ पुसला, आणि माचीच्या पानांवर, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत, एकेक रेघ ओढली.

मी अण्णांना घेऊन माचीवर गेले. आवडी म्हातारी उन्हात बसली होती. तिला यात लपवण्यासारखे काही वाटत नव्हते. हळद लागण्याआधी पोरीचे रक्त परक्याच्या हाती गेले तर तिची कूस बांधली जाते, ही त्यांची समजूत होती. जानीला आमच्या घरचे मीठ लागलेले, ती बोलून टाकील, म्हणून तिला पाण्याला पाठवले होते. "पर तूबी लांबनं आल्ती, तुला न्हाई म्हनवंना," म्हातारी म्हणाली. "या दाही पोरींच्या नाळी म्या कापल्या. त्यांचं पयलं रगत माझ्याच हाताला लागलं. मंग माझं दिलं, तर बिघडलं कुठं?" आणि तिने दोन्ही पंजे माझ्यापुढे पसरले. डाव्या करंगळीचे नख मधोमध दुभंगलेले होते. "एकेक पोरीला एकेक बोट. कुनाचं चुकवलं न्हाई."

जानीनेही मग सांगितले, की तिची आजी दुष्काळात खोंड्यातून वर आलेली होती. ती माचीचीच म्हणून राहिली आणि कुणी पुन्हा विषय काढला नाही. मी विचारलेच नव्हते.

चैती दुसऱ्या पावसाळ्यात गेली. ओढ्याला पाणी होते, म्हणून तिला खाली आणता आले नाही. निरोपही चार दिवसांनी आला. जानी कामावर आली तेव्हा आईने तिला घरात बोलावून, पहिल्यांदाच, माजघरात पाटावर बसवले आणि चहा दिला. जानीने तो प्यायला, कप विसळला आणि मागच्या दारी जाऊन सुपाऱ्या सोलायला बसली. तिने मला एका शब्दानेही दोष दिला नाही. वस्तीतल्या म्हाताऱ्यांनीही दिला नाही. ते फक्त म्हणाले, ओल.

अलीकडे माझी नात कसल्याशा नळीत थुंकून ती कुरियरने पाठवते आणि आपले पूर्वज कुठून कुठे गेले हे तिला मोबाइलवर कळते. माचीवर आता गाडीरस्ता आहे, आणि सरकारी शिबिरात तिथल्या मुलांची रक्ते तपासून दोष आहे की नाही याची पत्रिका देतात असे ऐकते. डॉक्टरांचे म्हणणे मुळात चुकलेले नव्हते. चुकली ती वही, आणि वही मी लिहिली होती. मी पुढे उशिरा का होईना पदवी घेतली, पण त्या ओटीवरच्या आरशात पुन्हा ऊन पकडले नाही.

पण मला सांगायचे आहे ते यानंतरचे. त्या पावसाळ्यानंतर वर्षभराने, एका दुपारी, जानी पायरीवर येऊन बसली. रहाट सोडलेला होता, रेडा सावलीत रवंथ करत होता. ती म्हणाली, "आंबीला दिवस हायेत, ताय."

मी तिच्याशेजारी पायरीवर बसले.

"वही काढ ना गो."

तिचा अजूनही विश्वास होता. मला ते सर्वांत असह्य झाले. वही काढण्याची गरज नव्हती; आता मला सगळे नीट ठाऊक होते. मी तिच्याकडे पाहिले, हातांकडे नव्हे. तिच्या कपाळावरचे गोंदण किती फिकट झाले होते, डोळ्यांखाली किती काळे होते, हे मी इतक्या वर्षांत प्रथमच पाहत होते. मी तिला सांगितले, की बुधा आणि आंबी, दोघांच्याही रक्तात ते आहे. चार मुले झाली असे धर, तर त्यातल्या एकाला चैतीसारखे होण्याची भीती, तिघे जगतील. नेमके असेच होईल असे नाही, पण हिशेब असा आहे.

जानीने बोटांवर मोजून पाहिले. एक, दोन, तीन, चार. मग ती चार बोटे तिने माझ्यापुढे धरली, जशी कुडातून एकेकाळी कुणी धरली होती.

"यातलं कंचं, ताय?"